शिकार कशासाठी?

हिवाळा लागला, ज्वारी कंबरेला आली की परंड्याच्या आसपासच्या माळावर पोरांच्या टोळ्या दिसू लागतात. गळ्यात गलोल, खिशात खडे, आणि अलीकडे हातात मोबाईल. तितर, लावा, नशीब असेल तर ससा. मग एखाद्या संध्याकाळी कुणी पालक आम्हाला मशिदीबाहेर गाठून हळूच विचारतात, "सर, पोराने गलोलीने तितर पाडला. घरी येईपर्यंत मेला होता. खाल्ला तर चालतो का?" उर्दू शिकवणाऱ्या मास्तराला आपल्याकडे लोक अर्धा मौलवी समजतात. फतवा देणे आमचे काम नाही. त्यासाठी उलेमा आहेत. या मसल्यात किताबांत जे लिहिले आहे ते पुढे सांगूच. पण त्याआधीचा एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: पोराने तो तितर मारला कशासाठी? घरात खायला नव्हते म्हणून? तसे तर नव्हते.

माणूस शिकार कशासाठी करतो, हा प्रश्न बंदुकीच्या संदर्भात विचारला तर उत्तर धुरात हरवते. धनुष्यबाणाच्या संदर्भात तो नीट दिसतो, कारण बाण मारायला जनावराच्या जवळ जावे लागते. म्हणून आधी थोडे तीर-कमानीविषयी.

शिकार, शिकारी, तीर, तिरंदाज, कमान, निशाण हे सगळे शब्द मराठीत फारसीतून आले आणि इथलेच झाले. त्यातला एक शब्द आम्हा शिक्षकांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येतो: शिस्त. उर्दूत 'शिस्त बांधणे' म्हणजे नेम धरणे. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि तिरंदाज अंगठ्यात जी अंगठी घालत तिलाही तेच नाव. इराणी, तुर्की, मोगल तिरंदाज कमानीची दोरी अंगठ्याने ओढत. दोरीने अंगठा कापू नये म्हणून हाडाची, शिंगाची किंवा यशब दगडाची अंगठी घालत. शाहजहान बादशहाची अशी अंगठी लंडनच्या संग्रहालयात आजही आहे. त्यांची कमानही साधी नसे. मध्ये लाकूड, आतल्या बाजूला शिंग, बाहेरच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळे सरसाने जोडलेले. एक कमान तयार व्हायला कित्येक महिने लागत. ती करणारे ते कमानगर, तीर करणारे ते तीरगर. बंदूक आली, धंदा बसला. कच्छच्या कमानगरांनी तर पुढे चित्रकलेचा धंदा धरला आणि आज तिकडची भिंतीवरची चित्रकला 'कमानगरी' म्हणूनच ओळखली जाते.

सातपुड्यातल्या भिल्लांचे धनुष्य याहून अगदी वेगळे. बांबूचे धनुष्य आणि दोरीही बांबूच्याच चिरलेल्या पातळ पट्टीची. तातीची दोरी पावसात सैल पडते. बांबूला ती अडचण कमी. सगळे सामान जंगलातले, खर्च शून्य. भिल्ल तिरंदाज बाण ओढताना अंगठा लावत नाही, दोन बोटांत धरतो, असे सांगतात आणि त्याचा संबंध एकलव्याशी जोडतात. मोठ्या जनावरासाठी लोखंडी पात्याचा बाण, पाखरासाठी बोथट टोकाचा.

बाणाने जनावर कसे मरते, हेही समजून घ्यायला हवे. गोळी धक्क्याने पाडते. बाण धारेने कापतो, आणि जनावर रक्त वाहून मरते. हरिणासारखे जनावर वर्मी बाण लागल्यावरही शंभर-दोनशे पावले पळून जाऊ शकते. म्हणून शिकाऱ्याने आधी वाऱ्याची दिशा बघून वीस-पंचवीस पावलांपर्यंत सरकायचे, श्वास आवरायचा, बाण सोडायचा, आणि मग लगेच मागे धावायचे नाही. थांबायचे. नंतर पानावरचे, गवतावरचे रक्ताचे थेंब बघत माग काढायचा. माग काढण्याचा कंटाळा केला तर जखमी जनावर दोन दिवस कुठेतरी झुडपात तडफडत मरते, आणि मांसही हाती लागत नाही.

आता गंमत अशी की या माग काढण्याचा, बाणाच्या धारेचा, अगदी बोथट बाणाचाही विचार आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वी झालेला आहे. हातिमताईच्या सखावतीच्या गोष्टी आपल्या मुलांना पाठ असतात. त्याच हातिमचे चिरंजीव हजरत अदी बिन हातिम (रजि.). त्यांची तय जमात शिकारीवर जगणारी. इस्लाम कबूल केल्यावर त्यांनी पैगंबर साहेबांना (स.) शिकारीविषयी एकामागून एक प्रश्न विचारले, आणि ते बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहेत. पिसे नसलेल्या जड बाणाने शिकार केली तर? उत्तराचा सारांश असा: टोकाने भेदले असेल तर खा, आडवा लागून माराने मेले असेल तर खाऊ नका. बाण सोडताना अल्लाहचे नाव घेतलेले हवे. बाण लागून जनावर पाण्यात पडले आणि मेले तर खाऊ नका, कारण ते बाणाने मेले की बुडून, हे तुम्हाला ठाऊक नाही. माग काढता काढता दुसऱ्या दिवशी सापडले आणि अंगावर तुमच्याच बाणाची खूण असेल तर हरकत नाही.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. गलोलीचा खडा कापत नाही, माराने मारतो. हनफी फिकहच्या किताबांतही गोळीने किंवा खड्याने मेलेल्या पाखराचा हुकूम हाच आहे: जिवंत हाती लागले आणि रीतसर जबह केले तर हलाल, वाटेतच मेले तर नाही. बारकावा आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा. एक हदीस मात्र आम्ही वर्गात हमखास सांगतो. बोटांनी खडे उडवण्याचा खेळ पैगंबर साहेबांनी (स.) मना केला, आणि कारण असे दिले की त्याने ना शिकार साधते ना दुश्मन जखमी होतो, मात्र कुणाचा दात पडतो, कुणाचा डोळा फुटतो. मास्तरकीत इतकी वर्षे काढल्यावर या कारणाची सत्यता आम्हाला वेगळी सांगावी लागत नाही.

दुसरी घटना हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची. कुरैशच्या काही तरुणांनी एक पाखरू बांधून ठेवले होते आणि त्यावर नेमबाजी चालली होती. पाखराच्या मालकाशी करार असा की चुकलेला प्रत्येक बाण त्याचा. इब्ने उमर येताना दिसताच सगळे पांगले. जिवंत प्राण्याला निशाण बनवणाऱ्यावर पैगंबर साहेबांनी (स.) लानत केली आहे, हे त्यांनी तेव्हा सांगितले. पोरे पांगली, म्हणजे आपण करतोय ते बरे नाही हे त्यांना ठाऊक होते. आजची पोरे पांगत नाहीत. चित्रफीत काढून सगळ्यांना पाठवतात.

म्हणजे शिकारीला मनाई नाही. हजरत हमजा (रजि.) शिकारीचे शौकीन होते. शिकारीवरून परतताना खांद्यावर कमान असतानाच त्यांना अबू जहलच्या बदजबानीची खबर कळली आणि त्याच कमानीचा तडाखा त्यांनी त्याला दिला, ही सीरतमधली गोष्ट घराघरात माहीत आहे. पण शिकारीला हद्द आहे. एहरामच्या हालतीत जमिनीवरची शिकार हराम. आणि सूरह माइदामध्ये म्हटले आहे की हाताच्या टप्प्यात आलेल्या शिकारीने अल्लाह तुमची परीक्षा घेईल. विनाकारण मारलेल्या चिमणीचाही जाब विचारला जाईल, असे हदीसमध्ये आले आहे. खाण्यासाठी मारणे हा तिचा हक्क. मारून फेकून देणे नाही.

आता शौकाच्या शिकारीकडे येऊ. त्यासाठी आमच्या परंड्याच्या किल्ल्याशीच संबंध असलेले एक चित्र आहे.

१६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले. तेव्हा हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेल्या मलिक अंबरने निजामशाहीच्या वारसाला गादीवर बसवून राज्याची गादी परंड्याला आणली. काही वर्षे आमचे हे तालुक्याचे गाव राजधानी होते. अंबरने पुढे जहांगीर बादशहाच्या फौजांना वर्षानुवर्षे दमवले. १६१६च्या सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसनने बादशहासाठी एक चित्र काढले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात कमान ताणलेली आहे, आणि समोर भाल्यावर मलिक अंबरचे कापलेले शिर आहे. बादशहा त्याच्यावर तीर सोडतो आहे. प्रत्यक्षात अंबर जहांगीरच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ साली तो आपल्या मौतीने मेला आणि खुलदाबादला त्याची कबर आहे. जे मैदानात जमले नाही ते कागदावर.

हाच जहांगीर आपल्या आत्मचरित्रात शिकारीचा हिशेब देतो. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समोर २८,५३२ जनावरे मारली गेली, आणि त्यातली १७,१६७ त्याने स्वतः मारली. कारकून बसवून मोजदाद केली होती. आणि याच माणसाने आपल्या पाळीव हरिणाच्या मौतीने दुःखी होऊन लाहोरजवळ शेखूपुऱ्याला हिरण मिनार बांधला आणि त्या रानात हरीण मारायला बंदी केली. आम्हाला या दोन गोष्टींचा मेळ घालता येत नाही, आणि घालावा असेही वाटत नाही. माणसे अशी असतात. पण सतरा हजारांच्या त्या यादीत भूक कुठेच नाही, एवढे खरे.

भूक बघायची तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीतील भामरागडच्या जंगलात जावे लागते. तिथले माडिया गोंड धनुष्यबाणाने शिकार करत आले. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३च्या सुमारास हेमलकशाला राहायला गेले, तेव्हाची हकिकत आता सर्वश्रुत आहे. शिकारीवरून परतणाऱ्या माडियांकडे बांबूला टांगलेली मेलेली माकडे होती आणि एक जिवंत पिल्लू मेलेल्या आईला बिलगून दूध शोधत होते. डॉक्टरांनी ते पिल्लू मागितले. माडिया देईनात, घरी पोरे उपाशी होती आणि ते पिल्लूही खाण्यासाठीच होते. शेवटी तांदळाच्या बदल्यात पिल्लू मिळाले. पुढे माडिया शिकारीत सापडलेली पिल्ले मारण्याऐवजी हेमलकशाला आणून देऊ लागले आणि तिथे अनाथ प्राण्यांचे घर उभे राहिले. त्या दिवशी डॉक्टरांनी माडियांना दयेवर व्याख्यान दिले नाही. तांदूळ दिला. या हकिकतीतले आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे.

आमच्या परंड्याच्या भागात शिकारीचे खरे जाणकार तिरंदाज नव्हते. ते फासेपारधी होते. खुंट्या आणि दोरीचे फासे जमिनीत मांडायचे, तितराच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायची, पाखरू आपल्या पायाने चालत येते. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या आडून हरणाच्या कळपाजवळ सरकत. गवत कुठल्या बाजूने दबले आहे यावरून सकाळी कोण गेले आणि रात्री कोण, हे सांगणारी ही माणसे. त्यांनी धरलेले तितर-लावे बाजारात विकत घेणारे मात्र गावातले प्रतिष्ठित लोक असत, आणि त्यात आपल्या घरांचाही वाटा होता. जबह करून खाणाऱ्याला कुणी गुन्हेगार म्हटले नाही. धरून आणणाऱ्याला म्हटले.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे पारध्यांसारख्या अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. रोज पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना. परंडा तेव्हा निजामच्या राज्यात, आणि शेजारचे बार्शी-सोलापूर इंग्रजांच्या ताब्यात. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची सेटलमेंट होती, आणि त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. त्याच काळात इंग्रज अंमलदार, नवाब आणि संस्थानिक हत्तीवरून वाघ मारत होते आणि पाय ठेवून फोटो काढत होते. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. वीस वर्षांनी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारच गुन्हा ठरली. हा कायदा हवाच होता. राजे-साहेबांच्या आणि जीपमधून शिकार करणाऱ्या शौकिनांच्या बंदुकांनी रान ओस पाडले होते. भारतातला चित्ता तोवर संपला होता, आणि सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य करूनही आज त्या पक्ष्याचे दर्शन दुर्मीळ आहे. पण ज्यांच्या हातात त्या एका विद्येशिवाय काही नव्हते, त्यांना जमीन, शाळा, नोकरी यांपैकी काय मिळाले, याचा हिशेब जहांगीरच्या कारकुनांसारखा कुणी ठेवला नाही. 'पारध्यासारखा हिंडतोस' हे वाक्य आपल्या घरांतही पोराला रागावताना सर्रास वापरले जाते. आमच्या वर्गात पारधी मुले बसतात. त्यांच्या कानावर ते जाते.

त्या विद्येचा उपयोग होऊ शकतो, याचे उदाहरण अकोला जिल्ह्यातील वडाळ्याला आहे. तिथल्या फासेपारधी कुटुंबांनी गवताळ रान राखले आहे. पाखरू कुठे अंडी घालते हे त्यांच्याइतके कुणाला माहीत?

अमेरिकेतील एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती आपल्या पारध्यांच्या गोष्टीशी फार जुळते. १९११च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एका कत्तलखान्याच्या आवारात एक उपाशी माणूस सापडला. याही जमातीचा तो शेवटचा माणूस. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या गोळीबारात आणि उपासमारीत संपले होते. त्याने आपले नाव सांगितले नाही, म्हणून त्याच्याच भाषेतल्या 'माणूस' या शब्दाने त्याला इशी म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला ठेवले. तिथे सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य करायला आणि मारायला शिकून घेतले. इशी शिकारीआधी अंघोळ करी, मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. बोटे ओठांना लावून सशाच्या पिल्लासारखा आवाज काढी आणि ससे बाहेर येत. आमच्या पारध्यासारखाच. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला. पोपने १९२३ साली धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि त्यातून अमेरिकेत हा एक शौक म्हणून वाढला. तिथे आज लाखो लोक परवाना काढून, ठरलेल्या हंगामात धनुष्याने हरीण मारतात. त्यांतले पुष्कळ जण मांस घरी खातात; काही जण शिंगांची मोजदाद ठेवतात. ज्यांची ती गरज होती ते मात्र उरले नाहीत.

आपल्याकडे तसा परवाना नाही. तितर, लावा, ससा, काळवीट सगळे १९७२च्या कायद्याच्या संरक्षणात आहेत. जंगलहक्क देणाऱ्या २००६च्या कायद्यानेही आदिवासींना शिकारीचा हक्क दिलेला नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाखापर्यंत आणि कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. काळविटासारख्या विशेष संरक्षित प्राण्यासाठी तर कैद तीन वर्षांपासून सातपर्यंत. हलाल जनावर म्हणून कायद्यातून सुटका नाही. ससा हलाल आहे, पैगंबर साहेबांनी (स.) सशाच्या मांसाचा तोहफा कबूल केला होता. पण माळावरचा ससा मारून त्याची चित्रफीत पाठवणारा आपला मुलगा उद्या वनखात्याच्या कोठडीत असेल, आणि आजच्या वातावरणात बातमी सशाची राहणार नाही, आडनावाची होईल. हे कटू आहे, पण वालिदैननी ध्यानात ठेवावे.

राहिले शेतकरी. रानडुक्कर एका रात्रीत मका आडवा करते, काळविटांचा कळप कोवळा हरभरा फस्त करतो. ज्याचे पीक जाते त्याला दयेच्या गोष्टी सांगू नयेत. पण त्यालाही रस्ता आहे. वनखात्याला ताबडतोब कळवून पंचनामा करून घेतला तर भरपाई मिळते, आणि उपद्रवी रानडुकराच्या बंदोबस्तासाठी लेखी परवानगीची तरतूद आहे. भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळते का, यावर शेतकऱ्यांचे म्हणणे वेगळे आहे आणि त्यात तथ्य आहे. तरीही विजेची तार सोडण्याचा मार्ग धरू नये. त्या तारेने डुकराआधी शेजारच्या माणसाचा जीव गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

आणि गलोलवाली पोरे? त्यांच्या हातातली खुमखुमी खोटी नाही. नेम लागल्यावर जो आनंद होतो तो आम्हालाही समजतो. अस्लम जमातीचे लोक तिरंदाजीची स्पर्धा करत असताना पैगंबर साहेब (स.) तिथून जात होते. तुमचे पूर्वज हजरत इस्माईलही (अलै.) तिरंदाज होते, मारा, मी अमक्यांच्या बाजूने आहे, असे ते म्हणाले. तेव्हा दुसऱ्या बाजूने हात थांबवले. आपण ज्यांच्या विरुद्ध खेळतो त्यांच्याबरोबर खुद्द पैगंबर असतील तर बाण कसा मारायचा? मग ते म्हणाले, मारा, मी तुम्हा सर्वांबरोबर आहे. तिरंदाजीचा खेळ असा आपल्या घरचाच आहे.

२०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे धनुर्विद्येत जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची, एका शिक्षकाची मुलगी. फलटण तालुक्यातील सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला पोचला. त्यांची आधुनिक धनुष्ये महाग असतात हे खरे, पण शालेय स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे. त्यात बांबूचे धनुष्य चालते आणि अंतर ३० व ५० मीटर. खर्च बेताचा. तालुक्याच्या क्रीडा शिक्षकाकडे चौकशी करावी, मुलींचीही नावे द्यावीत. दोन-तीन शाळांनी मिळून एक संच घेतला तरी काम चालते. निशाणाच्या मागे गवताच्या पेंढ्या रचाव्यात, मागे रस्ता किंवा वस्ती नसावी, आणि सगळ्यांचे बाण मारून झाल्याशिवाय कुणीही पुढे जाऊ नये. मग सगळ्यांनी एकदम चालत जायचे, आपापले बाण काढायचे आणि परत यायचे. सरावाचा अर्धा वेळ या चालण्यातच जातो.